सख्याची बहीण, सखीचा भाऊ

गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे तोंडी आणि लेखी अशा दोन्ही मार्गांनी एक मागणी सातत्याने येत आहे. धर्मग्रामाच्या वाचनालयातील कपाटातून, आणि कपाटापेक्षाही मुलींच्या हातांतून, ‘तसल्या’ कादंबऱ्या काढून घ्याव्यात, अशी ती मागणी आहे. ‘तसल्या’ म्हणजे कसल्या, असे आम्ही विचारले असता उत्तर मिळाले ते असे : उन्हाळ्याची सुट्टी, एक अल्लड मुलगी, तिची जिवाभावाची मैत्रीण किंवा मित्र, आणि त्या मैत्रिणीचा अथवा मित्राचा थोरला भाऊ. पुढचे सांगण्याची गरज नाही. सुट्टी संपेतो मुलगी त्या भावाच्या प्रेमात पडलेली असते. अशी पुस्तके नागपूर-गोंदियाच्या वसतिगृहांतून सुट्टीला आलेल्या मुलींच्या पिशव्यांतून घरी येतात. ज्यांना इंग्रजी झेपत नाही त्यांच्यासाठी त्याच घाटाच्या मराठी गोष्टी भ्रमणध्वनीवर हप्त्याहप्त्याने उपलब्ध आहेत. मागणी करणाऱ्यांत पालक आहेत, एक-दोन शिक्षक आहेत आणि, सांगावयास हरकत नाही, आमचे एक धर्मगुरूबंधूही आहेत. या सर्वांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु त्यांची मागणी आम्हांस मान्य नाही, आणि ती का मान्य नाही हे आडपडदा न ठेवता सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम आक्षेप काय आहे तो नीट समजून घेऊ. या पुस्तकांत अश्लील काही आहे, असे आक्षेपकांपैकी फारच थोड्यांचे म्हणणे आहे; बहुतेकांनी ती वाचलेलीच नाहीत. त्यांची खरी तक्रार नात्याविषयी आहे. मैत्रिणीचा भाऊ म्हणजे आपलाही भाऊ, मित्राची बहीण म्हणजे आपलीही बहीण, हा आपल्या समाजाचा जुना दंडक. ही पुस्तके तो मोडावयास शिकवतात. आणि हे सारे पाश्चात्त्य वारे आहे, आपल्या मातीत असले काही नव्हते, असे हे प्रतिपादन आहे.

आपल्या मातीत नव्हते? मराठी माणसाने गेली एकशे चाळीसहून अधिक वर्षे ज्या नाटकावर जीव ओवाळून टाकला, ते नाटक कशावर आहे? अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’चे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात रंगभूमीवर आले, संपूर्ण नाटक पुढच्या वर्षी झाले. त्या नाटकाचा नायक अर्जुन. त्याचा परममित्र श्रीकृष्ण. आणि अर्जुनाचे मन जिच्यावर जडले ती सुभद्रा ही त्या परममित्राची बहीण! ज्या आजोबांनी ‘सौभद्र’चे प्रयोग रात्र-रात्र जागून पाहिले, ज्यांच्या ओठांवर त्यातली पदे अखेरपर्यंत राहिली, त्यांच्याच नातवंडांना आज सांगितले जाते की मित्राच्या बहिणीवर प्रेम करण्याची कल्पना अमेरिकेतून आली.

बरे, ‘सौभद्र’ हे केवळ पुराणातील कथेचे नाट्यरूप म्हणून सोडून द्यावे, तर तसेही नाही. महाभारताच्या आदिपर्वात ही कथा वाचून पाहावी. तेथे अर्जुनाला सुभद्रा आवडते, तो ते कृष्णाजवळ बोलून दाखवतो, आणि कृष्ण त्याला सुचवतो की स्वयंवरात मुलीचे मन कोणीकडे वळेल याचा भरवसा नाही, तेव्हा तू तिला सरळ पळवून ने. दोन मित्र आपसांत ठरवतात, वडीलभावाची म्हणजे युधिष्ठिराची परवानगी मागवतात, आणि सुभद्रेचे हरण होते. या साऱ्या व्यवहारात ज्या एका व्यक्तीचे मत कोणी विचारलेले नाही ती व्यक्ती म्हणजे सुभद्रा. किर्लोस्करांनी काय केले? त्यांनी सुभद्रेला मन दिले. नाटकातील सुभद्रा आधीपासूनच अर्जुनावर अनुरक्त आहे; तिला दुर्योधनाला देण्याचा घाट बलरामाने घातला आहे आणि त्या दुःखाने ती तळमळते आहे. प्रेक्षक तिच्या बाजूने उभा राहतो, तो ती पळवली जावी म्हणून नव्हे. तिचे मन डावलले जाऊ नये म्हणून. बालविवाह हाच जेथे नियम होता त्या १८८२ सालच्या पुण्यात एका नाटककाराने हे केले, ही साधी गोष्ट नव्हे.

आणि बलराम! आक्षेपकांनी या पात्राकडे एकदा लक्षपूर्वक पाहावे, अशी आमची विनंती आहे. तो दुष्ट नाही. बहिणीवर त्याची माया आहे, तिचे हित आपल्यालाच कळते अशी त्याची खात्री आहे. ज्याच्यापासून तिला जपावयाचे तो अर्जुन त्रिदंडी संन्याशाचे सोंग घेऊन येतो, तेव्हा त्या सोंगाला भुलून हाच बलराम त्याला सन्मानाने घरात आणतो आणि सुभद्रेला त्याच्या सेवेस ठेवतो. वडीलधाऱ्यांचा पहारा बहुधा असाच असतो. पुढच्या दाराला कुलूप, आणि भगवी वस्त्रे दिसली की मागचे दार सताड उघडे! (पांढऱ्या झग्यालाही हे लागू आहे, हे आम्ही झगा घालूनच म्हणत आहोत.)

पण ‘सौभद्र’ ही झाली हिंदू पुराणकथा, आपला तिच्याशी काय संबंध, असे म्हणणारेही आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी आपण पवित्र शास्त्राकडे वळू. शमुवेलाचा पहिला ग्रंथ उघडावा. दावीद आणि योनाथान यांच्या मैत्रीवर आम्ही धर्मगुरूंनी आजवर किती प्रवचने दिली असतील याची गणती नाही. परंतु त्याच अठराव्या अध्यायात, थोडे खाली, योनाथानाची बहीण मीखल हिचे दाविदावर प्रेम बसले असे स्वच्छ नमूद आहे. जिवलग मित्राची बहीण! जुन्या कराराच्या कथाभागात पुरुषांनी स्त्रियांवर प्रेम केल्याचे उल्लेख अनेक आहेत. स्त्रीने पुरुषावर प्रेम केले असे कथाकार स्पष्ट शब्दांत सांगतो ते एवढ्या एकाच ठिकाणी, असे अभ्यासक दाखवून देतात. आम्ही प्रवचनकार मात्र योनाथानापाशी थांबतो आणि पान उलटतो.

ते पान उलटू नये. कारण पुढे जे येते ते कोणत्याही उन्हाळी कादंबरीपेक्षा कठोर आहे. मीखलचे प्रेम तिचा बाप शौल याला कळते, आणि त्याला आनंद होतो. का, तर या प्रेमाचा फास करून दाविदाला पलिष्ट्यांच्या हातून मारता येईल म्हणून. मुलीचे मन बापाला राजकारणाचे साधन वाटते. दावीद जिवंत परत येतो, लग्न होते. पुढे शौलाचे मारेकरी घरावर पाळत ठेवून बसले असता मीखलच त्याला खिडकीतून खाली उतरवून त्याचा जीव वाचवते. नंतर बाप तिला दुसऱ्याच पुरुषाला देऊन टाकतो. वर्षांनंतर दावीद तिला परत मागवतो, तेव्हा तो दुसरा नवरा रडत रडत तिच्यामागून चालत येतो आणि त्याला वाटेतून हाकलून दिले जाते. मीखल आणि दावीद यांचा शेवट कडवट वाक्ताडनात होतो. तिने त्याच्यावर प्रेम केले हे ग्रंथात आहे. त्याने तिच्यावर केले असे मात्र कोठेही लिहिलेले नाही. दाविदाचा शोक आहे तो योनाथानासाठी, भावासाठी. बहिणीच्या वाट्याला तो आला नाही. मित्राच्या घरी प्रेम जडले म्हणजे कोणाकोणाला काय किंमत मोजावी लागते, हे याहून स्पष्ट कोणी लिहिले असेल असे आम्हांस वाटत नाही. मग हा ग्रंथही मुलींच्या हातातून काढून घ्यावयाचा काय?

येथवर वाचून कोणाचा समज होईल की आम्ही या नव्या कादंबऱ्यांचे वकीलपत्र घेतले आहे. तसे मुळीच नाही. आम्ही त्या वाचल्या आहेत, आणि ज्यांनी वाचलेल्या नाहीत त्यांच्यापेक्षा आमची तक्रार अधिक गंभीर आहे. 

जेनी हान या कोरियन वंशाच्या अमेरिकन लेखिकेची ‘द समर आय टर्न्ड प्रिटी’ ही २००९ सालची कादंबरी सध्या मुलींमध्ये विशेष प्रिय आहे. तिचे आणखी दोन भाग २०१० व २०११ मध्ये आले, आणि २०२२ ते २०२५ या काळात त्यावरील मालिकेने तिला नवे आयुष्य दिले. समुद्रकाठचे एक घर, दर उन्हाळ्यात तेथे येणारी बेली नावाची मुलगी, आणि आईच्या जिवलग मैत्रिणीचे दोन मुलगे. पुस्तक अगदीच टाकाऊ नाही. त्यात बेलीची आई आणि तिची आजारी मैत्रीण यांच्यामधला जो स्नेह आहे, तो वाचताना आम्हांस पुस्तकातली सर्वांत खरी गोष्ट वाटली. पण लेखिकेचे चित्त तिकडे नाही. थोरला की धाकटा, या प्रश्नाभोवती ती तीन पुस्तके फिरत राहते, आणि दोन सख्ख्या भावांमध्ये उभे राहणारे वैर हा जणू नायिकेच्या सौंदर्याचा पुरावा होऊन बसतो.

दुसरे उदाहरण याहून वाईट. बेथ रीकल्स या वेल्समधील लेखिकेने वयाच्या पंधराव्या वर्षी लिहावयास घेतलेली ‘द किसिंग बूथ’ ही कादंबरी. २०१८ साली तिच्यावर चित्रपट निघाला. एल आणि ली हे दोघे बालमित्र. चित्रपटात त्यांनी आपल्या मैत्रीचे नियम ठरवलेले आहेत, आणि त्यांतला एक नियम असा की मित्राच्या नातलगांच्या वाटेला जावयाचे नाही. एल नेमकी लीच्या थोरल्या भावाच्या प्रेमात पडते आणि ते लीपासून लपवून ठेवते. पंधरा वर्षांच्या मुलीने लिहिलेल्या पुस्तकात इतका चांगला पेच सापडावा याचे आम्हांस कौतुक वाटले. दिलेला शब्द आणि जडलेले मन, यांत काय निवडावे? परंतु पेच मांडून झाल्यावर तो सोडवण्याची वेळ येते तेव्हा लीचा राग, लीची फसवणूक झाल्याची भावना, हा केवळ वाटेतला अडथळा ठरतो. त्याने थोडे रुसावे, मग समजूत पटवून घ्यावी, म्हणजे नायिका मोकळी. मित्र हा दार आहे, आणि दारातून आत गेल्यावर दाराकडे कोण पाहतो!

आणि त्या थोरल्या भावाचे काय? त्याने शाळेतल्या इतर मुलांना धाक घालून नायिकेपासून दूर ठेवलेले असते, तिला न विचारता. पुस्तक या गोष्टीला प्रेमाची खूण मानते. बलरामाचा पहारा नायकाच्या अंगावर चढवला, आणि त्याला प्रेम असे नाव दिले! आमच्या पालकांनी आक्षेप घ्यावयाचा तर येथे घ्यावा. मुलगी भ्रमणध्वनीवर गोष्ट वाचत असेल तर तिच्याजवळ बसून विचारावे : याने तुझ्या मैत्रिणींना, वर्गातल्या मुलांना असा दम दिला, तर तुला तो आवडेल का? कपाटाला कुलूप लावण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण त्यासाठी आधी पुस्तक वाचावे लागते.

आता ज्या भूमीत बसून आम्ही हे लिहीत आहोत तिच्याविषयी थोडे. प्रतापगड म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर जावळीचे खोरे आणि अफझलखान उभा राहतो. आमचा प्रतापगड तो नव्हे. हा गोंदिया जिल्ह्यातील, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील. गोठणगाव आणि इटियाडोह धरण जवळच, नवेगावबांधचा तलाव थोडा पलीकडे. येथे महाशिवरात्रीला डोंगरावर मोठी यात्रा भरते आणि त्याच डोंगराच्या परिसरात ख्वाजा उस्मान यांचा दर्गाही आहे. दोन्हींकडचे भाविक एकाच वाटेने चालतात. १९७२ पासून येथे जवळच तिबेटी निर्वासितांची नॉरग्येलिंग ही वसाहत आहे. या साऱ्यांत आपली ख्रिस्ती कुटुंबे मोजकी आणि विखुरलेली.

येथला उन्हाळा त्या पुस्तकांतल्या उन्हाळ्यासारखा नाही, हे सांगावयास नकोच. येथे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचावी लागतात. मग एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता. भल्या पहाटे जंगलात जावे, उन्हे चढण्यापूर्वी पाने तोडून घरी यावे, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधावेत आणि संध्याकाळी ते फळीवर नेऊन मोजून द्यावेत. वसतिगृहातून आलेली मुलगीही यातून सुटत नाही. वह्या-पुस्तकांचा वर्षाचा खर्च त्यातूनच निघतो. तेव्हा ‘सुट्टीत रिकाम्या डोक्यात असले विचार येतात’ हे शहरी पालकांचे निदान येथे लागू पडत नाही. दिवसभर पुडे बांधून बोटे काळी पडलेली मुलगी रात्री अर्धा तास समुद्रकाठच्या घराची गोष्ट वाचते, तेव्हा तिचे डोके रिकामे नसते. ते दमलेले असते.

पुडे बांधावयास ती बसते कोठे? बहुधा मैत्रिणीच्या पडवीत. हाच मुद्दा आम्हांस मांडावयाचा आहे, आणि तो कादंबऱ्यांपेक्षा पुष्कळ मोठा आहे. खेड्यातल्या मुलीला स्वतःच्या घराबाहेर जाण्यासाठी हक्काची जागा किती असतात? चहाच्या टपरीवर ती बसू शकत नाही. तलावाच्या पाळीवर एकटी गेली तर चर्चा होते. देऊळ, दर्गा, चर्च येथे मोठ्या माणसांच्या सोबतीने जावयाचे. उरते एकच जागा, मैत्रिणीचे घर. तेथे ती मोकळेपणी हसते, अभ्यास करते, आईला न सांगता येणारे बोलते. आता त्या घरात मैत्रिणीचा भाऊही राहतो, याला कोणाचा इलाज आहे? तो काही कादंबरीकाराने तेथे आणून ठेवलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात या परिसरातील एका घरी मिस्सासाठी गेलो असता त्या घरच्या माउलीने आम्हांस बाजूला घेऊन सांगितले, ‘फादर, पोरीचं तिकडे जाणं मी बंद केलं जी. मैत्रिणीचा भाऊ म्हंजे भाऊच ना? पण आजकालच्या गोष्टी वाचून पोरींची डोकी फिरतात.’ आम्ही विचारले, काही घडले आहे काय? काही घडलेले नव्हते. मुलीकडे एक पुस्तक सापडले होते, एवढेच. मुलगा नोकरीच्या शोधात वर्षभर पुण्याकडे होता, तो गावात नव्हताच! तरीही दोन मुलींची पहिलीपासूनची मैत्री तुटली, एकीच्या आईने दुसरीच्या आईशी बोलणे सोडले, आणि नदीवर, विहिरीवर, फळीवर त्या दोन घरांची माणसे एकमेकांकडे पाठ करून उभी राहू लागली. ती मुलगी आमच्याशी काही बोलली नाही. पुडे बांधीत बसली होती, घरात, एकटी.

पुस्तक बंद करा म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो : तुम्ही नेमके काय बंद करीत आहात, हे तुमच्या लक्षात येते आहे काय? पुस्तकातल्या नायिकेने मैत्रीचा बळी देऊन प्रेम मिळवले, म्हणून तुम्हांस राग. आणि तुम्ही? प्रेम नाही, मुलगा नाही, काहीच नाही, आणि मैत्रीचा बळी मात्र आधीच देऊन मोकळे. त्या कादंबरीकार बाईने कागदावर जे केले ते तुम्ही जिवंत मुलींच्या बाबतीत केलेत.

‘भाऊच ना?’ या शब्दाचाही विचार व्हावा. भाऊ हा मोठा शब्द आहे. जेथे खरोखर बहीणभावाचा स्नेह आहे तेथे त्याचा आदरच केला पाहिजे. परंतु आमच्याकडे हा शब्द पुष्कळदा स्नेह म्हणून देत नाहीत, मुसके म्हणून घालतात. एखाद्या मुलामुलीच्या बोलण्याची कुणकुण लागली की राखी आणावयाची, चारचौघांत बांधावयास लावावयाची, आणि प्रश्न मिटला असे समजावयाचे. ज्या मुलीच्या हातून असा धागा जबरदस्तीने बांधून घेतला तिला पुढे त्या शब्दाची चीड आली तर दोष तिचा कसा?

धर्मसभेच्या कायद्याचा आधार काहीजण घेतात, म्हणून त्याविषयीही स्पष्ट सांगावयास हवे. विवाहाला प्रतिबंध करणारी नाती धर्मसभेने मोजून सांगितली आहेत. रक्ताच्या नात्यात आडव्या रेषेत चौथ्या पायरीपर्यंत, म्हणजे सख्ख्या चुलत-मामे-आते भावंडांपर्यंत, प्रतिबंध आहे. (सुभद्रा ही अर्जुनाची मामेबहीण, आपल्यात त्यांना बिशपांकडून सूट मागावी लागली असती!) पूर्वी एक आध्यात्मिक नातेही मोजले जात असे. १९१७ च्या कायद्यानुसार बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता वा धर्ममाता आणि ते बालक यांचा परस्परांशी विवाह होऊ शकत नसे. १९८३ च्या नव्या कायद्याने लॅटिन विधीच्या धर्मसभेसाठी तो प्रतिबंधही काढून टाकला. मैत्रिणीचा भाऊ वा मित्राची बहीण हे नाते या यादीत आज नाही, आणि त्या १९१७ च्या यादीतही नव्हते. जे ओझे धर्मसभेने मुलांच्या खांद्यावर ठेवले नाही ते तिच्या नावाने ठेवण्याचा अधिकार कोणा धर्मगुरूला किंवा ग्रामस्थाला नाही. आमचा अनुभव तर असा की चांगल्या टिकलेल्या संसारांपैकी कितीतरी संसारांची ओळख मित्राच्या वा मैत्रिणीच्या घरीच झालेली असते. जेथे एकमेकांचे घर, रागलोभ, आईबाप आधी पाहिलेले असतात तेथे फसगत कमी होते. मध्यस्थाने आणलेल्या छायाचित्रावरून तेवढे कळत नाही.

राहता राहिली बंदीची गोष्ट. तो प्रयोग आपण करून पाहिलेला आहे. निषिद्ध ग्रंथांची रोमची पहिली सूची १५५९ सालची. पुढे तिच्यात बाल्झाक, ड्यूमा पिता-पुत्र, जॉर्ज सांद अशा लेखकांच्या बाबतीत पुस्तकांची नावे देण्याचे कष्टही न घेता ‘सर्व प्रेमकथा’ असा एकच शेरा मारलेला होता. जून १९६६ मध्ये त्या सूचीचे कायदेशीर बळ संपले. ड्यूमा आजही वाचला जातो. सूची वाचतो तो अभ्यासक. इकडे महाराष्ट्रातही चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६९ साली न्यायालयाने निकाल दिला तो मोठा मार्मिक आहे. कथेचे लेखन फारसे चांगले नसेल, असे सुचवूनही न्यायालयाने ती अश्लील ठरवली नाही. सुमार लिहिणे हा गुन्हा नव्हे. सुमाराला सुमार म्हणावे, आणि ते म्हणण्याइतकी जाण वाचणाऱ्या मुलीला यावी म्हणून तिला आणखी चार चांगली पुस्तके द्यावीत. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२४ साली साहित्यवाचनाविषयी जे पत्र लिहिले ते आरंभी धर्मगुरूंच्या घडणीसाठी योजले होते. मग त्यांनी ते सर्वांसाठी केले. तरुणपणी त्यांनी स्वतः अर्जेंटिनातील सांता फे येथे शाळकरी मुलांना साहित्य शिकवले होते, आणि मुलांना काय वाचावेसे वाटते याचा अनुभव त्यांना तेथे आला होता. आमच्या त्या धर्मगुरूबंधूंनी हे पत्र अवश्य वाचावे. ते लांब नाही.

मंडईच्या दिवसांत हीच पालकमंडळी झाडीपट्टीच्या नाटकांना सहकुटुंब रात्रभर बसतात. वडसा येथून निघालेल्या कंपन्या दिवाळीनंतर गावोगाव जी नाटके करतात त्यांत प्रेमप्रकरण नाही असे नाटक शोधून सापडणार नाही. नायिकेच्या दुःखाने बायाबापड्या पदराने डोळे पुसतात, पहाटे घरी येतात, आणि कोणाचीही मुलगी त्यामुळे बिघडत नाही. त्या कलेचा मान मोठा आहे. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सारी झाडीपट्टी आनंदली. मग मंडपात दोन हजार लोकांसमोर जे चालते ते मुलीच्या उशाशी एका पुस्तकात का चालत नाही? आम्हांस याचे एकच कारण दिसते. मंडपात ती आपल्या शेजारी बसलेली असते. पुस्तकात ती एकटी असते, आणि तिचे एकटे असणे आपल्याला सहन होत नाही.

आमचा खरा राग आमच्याच लेखकांवर आहे. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा गौरव होतो ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली बाबा पदमनजींनी लिहिली. ते आपले प्रॉटेस्टंट बंधू. विधवांच्या दुःखावर कादंबरी लिहिण्याचे धैर्य ज्या ख्रिस्ती समाजातील एका तरुणाने त्या काळी दाखवले, त्या समाजातले आजचे लेखक काय लिहितात? नाताळच्या गोष्टी, संतचरित्रे, आणि गावाच्या आठवणी. वाईट काहीच नाही. पण सोळा वर्षांच्या मुलीच्या मनात काय चालले आहे हे लिहावयाचे काम आपण वेल्समधल्या पंधरा वर्षांच्या मुलीवर सोपवून निश्चिंत झालो आहोत, आणि तिने ते आपल्या मनासारखे केले नाही म्हणून कुरकुरतो आहोत.

तेव्हा या अंकाच्या वाचकांपैकी जे लिहिते आहेत त्यांना आमचे आवाहन आहे. उन्हाळ्याचीच कादंबरी लिहा, आणि ती येथली लिहा. तिच्यात मोहफुलांचा वास येऊ द्या, फळीवरचा मुनशी पुडे मोजताना करतो ती लबाडी येऊ द्या, हिवाळ्यात स्वेटर विकावयास बाहेर गेलेली आणि उन्हाळ्यात वसाहतीत परतलेली तिबेटी मंडळी येऊ द्या. दोन मैत्रिणी असू द्या. एकीचा भाऊ असू द्या. पडावयाचे तर प्रेमात पडू द्या, त्याला आमची हरकत नाही. पण त्याने दुसऱ्या मुलीशी बोलण्याआधी तिच्या मनाची विचारपूस करू द्या. आणि पहिल्या मैत्रिणीला, म्हणजे जिच्या पडवीत हे सारे घडले तिला, एक पूर्ण प्रकरण द्या. आपल्या भावाविषयी आणि आपल्या सखीविषयी तिला एकाच वेळी काय वाटले, कोणाचा हेवा वाटला, कोण गमावल्यासारखे वाटले, कोणाला तिने माफ केले आणि कोणाला नाही, हे तिला तिच्या शब्दांत सांगू द्या. हस्तलिखित सुवाच्य असावे, कागदाच्या एकाच बाजूस लिहिलेले असावे. पावसाळा लागण्यापूर्वी आमच्याकडे पोहोचले तर पहिली चार प्रकरणे दिवाळीच्या अंकापासून क्रमशः छापण्याचा आग्रह आम्ही संपादकांकडे धरू.